शंभर फुलपाखरं आणि एक जागरूक माता

टिटवी वर्गात बोलली, ही बातमी घरी आली तेव्हा टिटवीची आई तिची पाण्याची बाटली दुसऱ्यांदा उकळत होती. फोनवर वर्गाच्या बाई होत्या. बाटलीचं बूच पातेल्याच्या तळाला चिकटून वास सुटला, तरी आईला पत्ता नव्हता.

"बोलली? आमची? नक्की आमचीच ना?"

टिटवी घरात बोलायला लागली की भिंतींनी कानांवर हात ठेवावेत. म्हणून तर बापानं तिला हे नाव दिलं होतं. पण शाळेच्या फाटकातून पाऊल आत पडलं की तोंडाला कुलूप. पाच महिन्यांत बाईंनी तिच्या वहीत एकच शेरा चारदा लिहिला होता, 'मुलगी वर्गात बोलत नाही.' त्या एका शेऱ्यापायी आईनं तीन डॉक्टर पालथे घातले होते, दोन समुपदेशक थकवले होते, आणि रोज दुपारी दोन ते अडीच कानात इअरफोन खुपसून 'सजग पालकत्व' नावाचा ऑनलाइन वर्ग ऐकायला सुरुवात केली होती. मुलावर सतत लक्ष कसं ठेवावं, हे तिथं डोळे मिटून ऐकायचं असे.

"काय बोलली हो?" आईनं विचारलं.

"म्हणाली, आमच्या बागेत शंभर फुलपाखरं येतात."

आईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. बाग म्हणजे मागच्या दाराबाहेरची दहा पावलांची जागा. त्यात एक लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायची दोरी आणि एक फुटकी कुंडी. फुलपाखरू राहू द्या, नावाला एक फूल नव्हतं.

"हो, येतात की," ती म्हणाली. जीभ तिला न विचारताच बोलून मोकळी झाली.

"पुढच्या बाकावरचा गब्बू आहे ना, तो लगेच ओरडला, 'खोटारडी!' तुमच्या लेकीचा चेहरा एवढासा झाला. पुन्हा ओठ घट्ट. मग मीच म्हटलं, आपण सगळे जाऊन डोळ्यांनीच बघू या. नाहीतरी कीटकांचा धडा आहेच. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, बावीस मुलं घेऊन येते. चालेल ना?"

संध्याकाळी नवरा विमा कंपनीतून घरी आला. जगातल्या सगळ्या संकटांचा दिवसभर हिशेब मांडून तो घरच्या संकटांबाबत फार शांत झालेला असे.

"सांगून टाक ना बाईंना. पाच वर्षांची पोर, गेली काहीतरी बोलून."

"अरे, पाच महिन्यांनी तोंड उघडलंय तिनं! पहिल्याच वाक्याला खोटी ठरली तर दुसरं वाक्य थेट स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभात बोलेल."

"मग? फुलपाखरं आणायची?"

"आणायची."

"शंभर?"

"शंभर."

"नव्व्याण्णववर भागव म्हटलं तर ऐकणार नाहीस ना?" असं म्हणून त्यानं ताटात डोकं घातलं.

सासूबाई कोपऱ्यात मटार सोलत होत्या. "मी काय म्हणते, पलीकडच्या—"

"आई, पलीकडचं नाव काढू नका हं. आधीच माझं डोकं फिरलंय."

सासूबाईंनी पुढची शेंग फोडली.

पलीकडे म्हणजे भिंतीपलीकडे. ती भिंत आईच्या डोक्यावर हातभर उंच होती आणि तिच्या मागे मोजणीआजोबा एकटे राहत. जमिनी मोजायच्या खात्यात त्यांची हयात गेली होती. हे कुटुंब राहायला आलं त्याच आठवड्यात ते टेप घेऊन हजर झाले होते आणि 'तुमच्या दोरीचा खिळा दोन बोटं माझ्या हद्दीत आहे' एवढं सांगून निघून गेले होते. आईनं खिळा दोन बोटं अलीकडे घेतला आणि बोलणं कायमचं पलीकडे टाकलं.

आजोबांच्या अंगणात गवत, घाणेरी, रानटी झुडपं, जे उगवेल ते उगवत असे. त्यांच्या मते ती बाग होती आणि आईच्या मते डासांचं माहेर. चार महिन्यांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, तिनं मोबाइल भिंतीवर धरून अंदाजानं सात फोटो काढले होते आणि आरोग्य खात्याला तक्रार धाडली होती. गवत कमरेएवढं, डास असंख्य, विंचू असू शकतील. खाली नावाच्या जागी लिहिलं होतं, 'एक जागरूक माता'. खात्यानं हूं की चूं केलं नाही. मग तिनं टिटवीलाच बजावून ठेवलं, "तिकडे पाऊल टाकायचं नाही. तिकडे बघायचंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी आई नर्सरीत गेली.

"शरदात फुलणारं जे काही असेल ते द्या. फुलपाखरं आली पाहिजेत."

"येणारच की ताई! झेंडू घ्या, शेवंती घ्या, झिनिया घ्या. हा बघा झेंडू, केवढा गच्च! पाकळीत पाकळी, नुसता गोंडा. फुलपाखरांना बसायला जागा पुरायची नाही."

"पण कीड नको हं. घरात लहान मूल आहे."

"कीड?" नर्सरीवाला दुखावला. "ताई, आपला माल असा फवारलेला असतो की मुंगीसुद्धा लांबूनच नमस्कार करून जाते."

आईचा जीव भांड्यात पडला. कीटक यावेत म्हणून घेतलेल्या झाडांवर एकही कीटक येणार नाही, याची खातरजमा करून ती चाळीस कुंड्या घेऊन घरी आली.

बाग झाली मात्र देखणी. केशरी, पिवळा, जांभळा, पांढरा, अशा रंगांच्या रांगा. आई खिडकीत वही घेऊन बसली. पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, 'शून्य.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'शून्य. एक कावळा.' तिसऱ्या दिवशी एक पांढरं फुलपाखरू खरोखरच आलं, झेंडूवर बसलं, जरा वेळ घोटाळलं आणि चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखं गडबडीनं भिंतीवरून निघून गेलं.

चौथ्या दिवशी तिनं कुठंतरी वाचलं की फुलपाखरांना साखरेचं पाणी आवडतं. तिनं सहा बशा मांडल्या. गांधीलमाश्या आल्या. पाचव्या दिवशी वाचलं की पिकलेली केळी ठेवावीत. केळ्यांवर चिलटं आली, चिलटं घरात आली, सासूबाईंच्या चहात पडली. मग चिलटांसाठी तिनं दोन्ही दारांत धूर केला. त्या धुरानं नवरा खोकत बाहेर आला.

"अगं, फुलपाखरांना बोलावतेयस की हाकलतेयस? एकदाचं ठरव."

"तू मदत करू नकोस, नुसता बोल."

"विमा उतरवू का फुलपाखरांचा?"

या सगळ्यात तिचं रोजचं एक काम मात्र चुकलं नव्हतं. लिंबाच्या झाडावर अळ्या होत. काही पक्ष्याच्या शिटेसारख्या काळ्यापांढऱ्या, काही गुबगुबीत हिरव्या. ती रोज सकाळी हातमोजे घालून, पापडाच्या चिमट्यानं एकेक उचलायची, डोळे मिटून चिमटा डोक्यावर न्यायची आणि भिंतीपलीकडे सोडून द्यायची. तिकडे नाहीतरी उकिरडाच. त्यात चार किडे इकडेतिकडे.

तिचं शिक्षण कमी होतं असं नाही. स्वयंपाकघरात फ्रिजवर फुलपाखराच्या जीवनचक्राचा तक्ता तिनंच लावला होता, लॅमिनेट करून. तिला लॅमिनेशनचा नादच होता. लसीकरणाचं वेळापत्रक, दूधवाल्याचा नंबर, सगळं तिनं प्लॅस्टिकमध्ये अमर करून ठेवलं होतं. 'अंडं, अळी, कोष, फुलपाखरू,' असं ती टिटवीकडून रोज म्हणूनही घ्यायची. पण तक्त्यावरची अळी हसरी होती. डोक्यावर टोपी होती. लिंबावरच्या अळीला टोपी नव्हती आणि ती हसतही नव्हती, त्यामुळे दोघींचं काही नातं असेल हे आईच्या मनाला शिवलंच नाही.

"मी काय म्हणते," सासूबाईंनी एकदा पुन्हा धीर केला, "एकदा पलीकडे जाऊन—"

"आई!"

"बरं बाई."

दुसरा आठवडा गेला. मुलांच्या आयांचा मोबाइलवर गट होता. त्यावर गब्बूच्या आईचा निरोप आला, 'गब्बूसाठी दुर्बीण घेतली. शंभर मोजायचीत ना!' पुढे हसणारे तीन चेहरे. आईनं त्या तीन चेहऱ्यांकडे इतका वेळ पाहिलं की शेवटी ते गब्बूसारखेच दिसायला लागले.

टिटवी मात्र निर्धास्त होती. रोज रात्री आई हळूच विचारायची, "राणी, तू वर्गात म्हणालीस ना, शंभर... ती कुठं पाहिलीस गं?" टिटवी एकदा आजीकडे पाहायची, एकदा आईकडे, आणि म्हणायची, "बागेत." मग घाईघाईनं तोंडावर पांघरूण.

पोरीला भास होतात की काय, या विचारानं आईनं तिसऱ्या समुपदेशकाचा नंबर शोधला.

शेवटचा उपाय म्हणून ती पुन्हा नर्सरीत गेली. नर्सरीवाल्यानं डोकं खाजवलं आणि आतून एक खोकं आणलं. त्यात तारेवर डुलणारी प्लॅस्टिकची फुलपाखरं होती. "डझनावर घ्या ताई. वारा आला की खऱ्यांच्या तोंडात मारतील."

तिनं एक डझन नेऊन खोचली. टिटवी शाळेतून आली, कमरेवर हात ठेवून तिनं पाहणी केली आणि विचारलं, "आई, ही मेलीत का?"

डझनभर फुलपाखरं त्याच संध्याकाळी फ्रिजच्या मागे गेली.

शुक्रवार उजाडला. दहाला मुलं येणार होती. साडेनऊ वाजले तरी बागेत चाळीस कुंड्या, शेकडो फुलं आणि फुलपाखरं शून्य. आईनं सवयीनं चिमटा घेतला, लिंबावरची गुबगुबीत हिरवी अळी उचलली. पण रात्रभर जागल्यानं आज हात पुरता वर जाईना, चिमटा भिंतीपर्यंत पोचेना. ती स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आली, त्यावर चढली आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं भिंतीपलीकडे पाहिलं.

गवताच्या वर घाणेरीचे झुपके फुलले होते, लाल आणि पिवळे. रानझेंडू, निळी, पांढरी, नाव माहीत नसलेली बारकी रानफुलं. आणि त्या सगळ्यावर फुलपाखरं. पिवळी, काळी, तपकिरी, ठिपक्यांची. एका झुडपावरून उठत होती, दुसऱ्यावर बसत होती. सगळं अंगण जागच्या जागी हलत होतं. कोपऱ्यातल्या लिंबाच्या झाडाला कोष लटकले होते. त्यातला एक उकलत होता. आतून ओलं, चुरगळलेलं, काळंपिवळं काहीतरी बाहेर येत होतं.

आईच्या चिमट्यात अळी होती. तिनं अळीकडे पाहिलं. कोषाकडे पाहिलं. मग तिला फ्रिजवरचा तक्ता आठवला.

"अगं बाई," ती पुटपुटली, "मी तर रोज..."

पण रडायला वेळ नव्हता. मार्ग एकच होता. मोजणीआजोबांचे पाय धरायचे, खिळा हवा तर चार बोटं मागे घ्यायचा, पण बावीस मुलांना त्या अंगणात न्यायचं. ती स्टुलावरून उतरली, केस सारखे केले आणि अळीला चिमट्यातून अलगद काढून लिंबाच्या पानावर ठेवलं. उशिरा का होईना, मानानं.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. आई पुढच्या दाराशी धावली. बाई लवकर आल्या की काय?

आरोग्य खात्याची गाडी होती. चार माणसं कोयते आणि गवत कापायचं मशीन घेऊन उतरत होती. मुकादम आजोबांच्या फाटकाशी कागद वाचत उभा होता. आजोबा कमरेला टेप अडकवून त्याच्यासमोर ताठ उभे होते.

"गवत कमरेएवढं. डास असंख्य. विंचू असू शकतील. तक्रारदार, एक जागरूक माता."

"कोण ही माता?" आजोबांनी विचारलं.

"ते आम्हाला काय ठाऊक? निनावी आहे."

"आणि निनावी कागदावर तुम्ही माझी बाग कापणार?"

"आजोबा, सही असली की चौकशी करावी लागते. निनावीत विचारायला माणूसच नसतं. मग थेट कारवाई."

चार महिने झोपलेलं खातं नेमकं आज दात घासून उठलं होतं. आणि रस्त्याच्या वळणावरून, दोघादोघांच्या रांगेत, एकमेकांचे हात धरून बावीस मुलं येत होती. सगळ्यांच्या पुढे गळ्यात दुर्बीण घातलेला गब्बू, सगळ्यांच्या मागे बाईंचं बोट धरलेली टिटवी.

"थांबवता नाही येणार का हे?" आईनं मुकादमाला विचारलं.

"येतं ना. त्या मातेनं इथं उभं राहून लिहून द्यायचं, तक्रार मागे घेतली म्हणून. आता कुठं शोधता तिला? चला रे, मशीन काढा."

आजोबा आईकडे वळले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ होता. "तुम्ही तरी सांगा हो यांना, सूनबाई. या बागेची किंमत तुमच्याशिवाय कुणाला कळणार? रोज सकाळी भिंतीवरून अळ्या पाठवता. कधी चार, कधी सात. मी एकेक उचलून लिंबावर ठेवतो. खिळ्यावरून आपलं बिनसलं, पण मनात म्हटलं, तोंडानं बोलत नाही तरी माणुसकी आहे पोरीत."

आईला वाटलं, जमीन दुभंगावी. आणि दुभंगलीच तर आजोबांच्या हद्दीत दुभंगू नये.

मुलं फाटकाशी पोचली. गब्बूनं घराशेजारच्या बोळातून आईच्या बागेत दुर्बीण रोखली, मग उलटी धरून रोखली. "एक पण नाहीये! बाई, बघा, एक पण नाहीये! मी म्हटलं होतं ना!"

टिटवीनं तोंड उघडलं. भिंतीपलीकडे बोट दाखवायला हात उचलला. मग तिला मशीन दिसलं, कोयते दिसले. हात खाली आला आणि ओठ एकमेकांवर घट्ट बसले, अगदी त्या चार शेऱ्यांसारखे.

आईनं ते ओठ पाहिले.

"मी," ती म्हणाली.

"काय मी?" मुकादम.

"जागरूक माता. मीच आहे ती."

मशीन सुरू करायला वाकलेला माणूस वाकलेलाच राहिला. बाई रांग मोजायच्या थांबल्या. आजोबांनी कमरेचा टेप हातभर बाहेर ओढला आणि सोडून दिला. खट्टकन आवाज झाला.

"मग त्या अळ्या?" त्यांनी विचारलं.

"त्या... फेकत होते."

"फेकत होतात." आजोबांनी भिंतीची उंची नजरेनं मोजली. "नेम मात्र चांगला आहे तुमचा. एकही जायबंदी नव्हती."

कागद नव्हता. बाईंनी कीटकांच्या चित्रांचं एक पान दिलं, टिटवीनं दप्तरातून जांभळा खडू दिला. मुंगीच्या चित्रामागे आईनं तक्रार मागे घेतली आणि खाली, या वेळी पूर्ण नावानं, सही केली.

मुकादमानं कागद खिशात घातला, पण जागचा हलेना. "हे झालं हो. पण गाडी निघालीय, चार माणसं आलीत. काम झाल्याचे फोटो लागतात. आधीचा आणि नंतरचा. मोकळ्या हातानं गेलो तर साहेब मलाच कापतील."

खात्याची भाषा खात्यातल्या माणसालाच कळते. आजोबा पुढे झाले. "आधीचा फोटो माझ्या अंगणाचा घ्या. नंतरचा यांच्या. मधली भिंत दोन्हींत दिसू द्या, म्हणजे जागा एकच वाटते."

मुकादम आईच्या बागेत गेला आणि बघतच राहिला. "वा! काय जागा ठेवलीय! एक डास नाही, माशी नाही, मुंगी नाही. ताई, अशी बाग आमच्या अख्ख्या विभागात नसेल." त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले.

आणि मग आजोबांनी फाटक उघडलं.

बावीस मुलं आत शिरली आणि रांग मोडली. गब्बूच्या नाकावर एक तपकिरी फुलपाखरू बसलं, तसा तो दुर्बिणीसकट पुतळा झाला. टिटवी झुडपाझुडपातून धावत ओरडत होती. "हे लिंबाचं आहे! हे घाणेरीचं! गब्बू, हलू नको, ते तुझ्यावर बसलंय म्हणजे तुला घाम आलाय, त्याला खारट आवडतं!"

"शंभर आहेत का गं खरंच?" बाईंनी विचारलं.

"एकशे चार," आजोबा म्हणाले. "काल संध्याकाळी मोजली."

"शंभरच्या पुढचे मला येत नाहीत," टिटवीनं खुलासा केला. "म्हणून शंभर."

आईनं तिला जवळ ओढलं. "तुला हे सगळं कसं ठाऊक?"

"मी रोज येते ना! तू कानात घालून डोळे मिटून बसतेस तेव्हा. आजी सोडते."

आईनं मुलांमागून आत आलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पदरानं एक फुलपाखरू हलकेच बाजूला करत होत्या. "मी काय म्हणत होते..." त्या म्हणाल्या. "पण पलीकडचं नाव काढू देशील तर ना."

"पण तू तर वर्गात म्हणालीस, 'आमची बाग'."

"आजोबा म्हणाले, जो मोजतो त्याची."

आजोबांनी उगाचच टेप तपासला.

महिन्याभरानं आरोग्य खात्याकडून जाडजूड पाकीट आलं. आत प्रमाणपत्र होतं, 'कीटकमुक्त परिसर, प्रथम क्रमांक', आणि त्यावर आईचं पूर्ण नाव. नवऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं, दोनदा वाचलं, आणि हसू आवरायला मागच्या दारी गेला. सासूबाईंनी ते लिंबाच्या नव्या कुंडीखाली ओल लागू नये म्हणून ठेवलं. त्या कुंडीत आता पानं कमी आणि अळ्या जास्त होत्या, आणि पलीकडे जायचं झालं तर आई फाटकातून जात असे.

त्याच दिवशी टिटवीच्या वहीत पाचवा शेरा आला. आईनं छातीवर हात ठेवूनच पान उघडलं.

'मुलगी वर्गात अति बोलते. इतरांना बोलू देत नाही. कृपया घरी कडक समज द्यावी.'

आईनं तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. मग पर्स उचलली आणि ते पान लॅमिनेट करून आणलं.